अठ्ठाविसाव्या दिवशी पास

माझे सासरे पहिल्यांदा आमच्या घरी मिरजेला आले तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, काहीच नाही. ते उठले, बैठकीच्या खोलीतल्या भिंतीपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावून ऐकत राहिले. खिडकीखाली दोनदा, कोपऱ्यात एकदा. मग परत येऊन बसले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "भिंत पोकळ आहे. माणसं बरी दिसतात."

माझे वडील अपमान गिळून हसले. लग्न ठरलं.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरातले, आमच्या क्रॉसवरचे म्हणजे गल्लीतले, दुधवाला, पोस्टमन, सगळेच. घराणं चार पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. मराठी घरात बोलायची, बाकी जग कानडी. अण्णांची उभी नोकरी काँक्रीटची परीक्षा घेण्यात गेली. कुठे पूल, टाकी, इमारत बांधायला घेतली की तिथल्या काँक्रीटचे ठोकळे करून यांच्या प्रयोगशाळेत पाठवत. एक ठोकळा सातव्या दिवशी आणि एक अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली ठेवून चिरडायचा, कितीला फुटला ते लिहायचं, खाली सही करून पास किंवा नापास. बत्तीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू फोडून पाहिल्या. निवृत्तीनंतर ठोकळे येईनात, म्हणून उरलेल्या जगाला त्यांनी तोच नियम लावला.

"अठ्ठावीस दिवस थांबा." हे त्यांचं उत्तर. प्रश्न कोणताही असो. धाकट्या दिरांना नोकरी बदलायची होती, अठ्ठावीस दिवस थांबा. शेजाऱ्यांशी पाण्याच्या नळावरून भांडण झालं, लगेच बोलायला जायचं नाही, अठ्ठावीस दिवस थांबा. नवीन फ्रिज घ्यायचा, थांबा. त्याच्या आत कशाचाच निकाल लावायचा नाही, कारण त्याच्या आत कोणतीच वस्तू आपली खरी ताकद दाखवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी रोज वाट पाहायची. आमटी जास्त तिखट झाली का, भात मऊ झाला का? ते जेवायचे, ताट उचलायचे, जायचे. मग एका सकाळी नाश्त्याला बसले असताना म्हणाले, "पास." मी मागे मोजून पाहिलं. अठ्ठाविसावा दिवस.

तेव्हा मला हे फार गमतीचं वाटलं होतं. माहेरी पत्र लिहून कळवलं होतं.

मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. माझ्या पर्समध्ये एक छोटी वही असते, काम झालं की त्यावर रेघ. त्यामुळे सुरुवातीला अण्णांचं आणि माझं चांगलं जमलं. पद्धतीनं चालणारा माणूस मला आवडतो. पद्धतीच्या आड माणूस काय काय लपवू शकतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता ओट्याबद्दल.

आमच्या घरासमोर ओटा होता. शेजारी त्याला कानडीत जगली म्हणत. रस्त्यावरून चार उंच पायऱ्या, वर दहा फूट लांब, पाच फूट रुंद ओटा, आणि त्याला लागून घराचं दार. अण्णांनी तो स्वतःच्या हातानं बांधला होता. लोकांच्या ओट्यावर चार बोटं काँक्रीट असतं, यांच्या ओट्यावर फूटभर. आत सळयांची जाळी. वर लाल रंगाचा गुळगुळीत पृष्ठभाग, तो ते दर शनिवारी खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं काँक्रीट फोडणाऱ्या या माणसानं आयुष्यात बांधलेली ही एकच वस्तू. रोज संध्याकाळी पाच वाजता ते तिथे वेताच्या खुर्चीत बसत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मान वर करून "नमस्कार अण्णा" म्हणे, आणि ते वरून मान हलवत.

सासूबाईंना आम्ही अक्का म्हणत असू. त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाऊल काही टाकता येईना. चाकांची खुर्ची आली. घर एकाच पातळीवरचं, त्यामुळे त्या आतल्या आत सगळीकडे फिरत, भाजी चिरत, देवाचं करत. दाराबाहेर ओट्यावरही येत. तिथून पुढे चार पायऱ्या. मागच्या दाराला बोळ इतका अरुंद की माणसानंसुद्धा आडवं होऊन जावं. म्हणजे चार पायऱ्यांपाशी अक्कांचं जग संपलं.

एकदा फळ्या टाकून पाहिलं. माझा नवरा मागून, धाकटे दीर पुढून. खुर्ची मधेच तिरकी झाली आणि अक्का इतक्या मोठ्यानं ओरडल्या की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यानंतर फळ्या नाहीत. उचलून न्यावं म्हटलं तर त्या ऐकेनात.

"चौघांनी उचलून मला एकदाच न्यायचं आहे," त्या म्हणत. "तेव्हा न्या. आज मी जिवंत आहे."

एवढं बोलून त्या पुन्हा भाजी चिरायला घेत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी अण्णांवर अन्याय करीन. घराच्या आत त्यांनी अक्कांचं जे केलं ते मी कुठल्या नवऱ्याला करताना पाहिलेलं नाही. पहाटे गरम पाणी, बेडपॅन, पाठीला पावडर, दुपारी गोळ्या, पाचचा चहा. केस विंचरून द्यायचे. वेणी घालता येत नसे, तर गाठ मारून सोडायचे, आणि अक्का दिवसभर ती वेडीवाकडी गाठ तशीच ठेवत. सहा वर्षं एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही. फक्त दाराबाहेरची गोष्ट निघाली की ते गप्प.

अक्कांची धाकटी बहीण होसकोट्याला असे. अक्का तिला कानडीतल्यासारखं तंगी म्हणत. दर संक्रांतीला तंगी बसनं येई, पदराखाली डबा घेऊन. तीळ, खोबरं, गूळ, शेंगदाणे आणि डाळ यांचं एळ्ळू आणि लाकडी साच्यात पाडलेली साखरेची चित्रं. दोघी बहिणी दिवसभर दार लावून बोलत. काय बोलत देव जाणे. पण त्या दिवशी आतून येणारा अक्कांचा हसण्याचा आवाज वर्षात पुन्हा ऐकू येत नसे.

एका पावसाळ्यात तंगीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दुकानात होता. पण बोलताच येत नसलेल्या बाईला फोनचा काय उपयोग? आता भेटायचं तर अक्कांनीच जायला हवं. जुन्या मद्रास रोडनं गाडीनं तासाचं अंतर.

अक्कांनी आयुष्यात नवऱ्याकडे फार काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. त्या संध्याकाळी मी चहाचे कप उचलत होते, म्हणून ऐकलं.

"ओट्याच्या जागी उतार करता का?" त्या म्हणाल्या. "खुर्ची खाली जाईल असा. तंगीला एकदा बघून येते."

अण्णांनी चहा संपवला. "अठ्ठावीस दिवस थांब," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. अठ्ठाविसाव्या दिवशी, दसरा होऊन गेला होता, त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. इंदिरानगरहून धाकटे दीर आणि जाऊबाई आल्या. अण्णा उभं राहून म्हणाले, "ओटा फोडायचा. उतार करायचा. घरचं काँक्रीट घरच्यांनीच फोडायचं. बाहेरचा माणूस लावायचा नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी दहा वर्षांची होती, ती तर नाचली. अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून संक्रांतीला किती रविवार उरलेत ते मोजलं. मी त्याच रात्री वहीत पान पाडलं: छिन्न्या, हातोडे, गोणपाट, जुने सूती हातमोजे, सळया कापायची करवत, मलमपट्टी. शेवटच्या ओळीत लिहिलं, होसकोटे. आणि वर, चार रविवार.

पहिल्या रविवारी अण्णांनी नियम सांगितले. मोठा घण वापरायचा नाही.

"का?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. तो बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रांवर काम करणारा, हत्यारांची त्याला समज होती.

"ओटा घराच्या पायाशी बांधलेला आहे. घणाचा धक्का आत जाईल. पुढची भिंत तडकेल."

"मग कशानं फोडायचं?"

"छिन्नी. हळूहळू. रस्त्याकडून सुरुवात, भिंतीकडे शेवट."

बांधणाराच सांगतोय म्हटल्यावर आम्ही मान्य केलं. घर तडकलं तर काय? मीही वहीत लिहून ठेवलं, घण नको, भिंत.

मग सुरू झाले ते रविवार. सकाळी अंघोळी आणि पूजा झाल्याशिवाय हातोड्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आधी थांबायचं. मधे जेवण, जेवणानंतर अण्णांची वामकुक्षी, कारण ते समोर नसताना एकही घाव घालायचा नाही. निघालेला प्रत्येक तुकडा त्यांना दाखवायचा. ते तो तळहातावर घेत, उन्हात फिरवत, खडी आणि सिमेंट कसं एकजीव झालंय ते बघत. मग तीन ढीग: मोठे, मधले, बारीक. सळई निघाली की ती दगडावर ठेवून सरळ करायची.

"सळया सरळ करून काय करायचंय, अण्णा?" दीर एकदा वैतागून म्हणाले.

"गंज बघ. कुठे आहे दाखव."

"नाही."

"मग?"

"मग काय?"

"वीस वर्षं झाली या सळईला," अण्णा म्हणाले, आणि ती नव्या नवरीसारखी भिंतीशी उभी करून ठेवली.

जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हे फोडणं चाललंय की प्रदर्शन?" मी हसले. तोवर अजून हसू येत होतं.

शेजारीही बघायला येत. समोरचे यजमान फाटकाशी उभे राहून विचारत, "एन अण्णा, काय हे, एवढं घट्ट?" आणि अण्णांचा चेहरा असा उजळे की जणू मुलगा पहिला आला म्हणून सांगताहेत. "बारा घाव घातले, तर एवढा टवका," ते बोटाचं पेर दाखवत. आमच्या हातांना फोड आले होते, नवऱ्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, आणि हा माणूस खूश होता. ओटा फुटत नाही म्हणून खूश होता. दर शनिवारी संध्याकाळी ते उरलेल्या ओट्यावर बादलीनं पाणी ओतत. मी विचारलं तर म्हणाले, धूळ उडू नये म्हणून. काँक्रीटला पाणी मारतात ते घट्ट व्हावं म्हणून, एवढं मलाही एव्हाना कळत होतं. वीस वर्षांच्या जुन्या काँक्रीटला त्यानं काही होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ते ओतत.

चार रविवार गेले तेव्हा फक्त पायऱ्या निघाल्या होत्या. पायऱ्या गेल्या आणि आधी जे होतं तेही गेलं. अक्का पूर्वी संध्याकाळी ओट्यावर तरी येऊन बसत. आता कडेला सळया वर आलेल्या, ढिगारे पडलेले, खाली खड्डा. अण्णांनी दाराला आडवा बांबू बांधला. आम्ही मागच्या बोळातून ये-जा करू लागलो. अक्का बांबूच्या आत खुर्ची लावून बसत आणि आम्हाला बघत.

"झालं का गं स्वल्प, थोडं तरी?" त्या विचारत.

"होतंय, अक्का."

पाचव्या आठवड्यात मी माझ्या पद्धतीनं वागले. माझ्या एका मैत्रिणीच्या घराचं काम करणारा कंत्राटदार होता, त्याचा नंबर घेतला, वहीत लिहिला आणि त्याला बघायला बोलावलं. तो आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, तीन माणसं, एक दिवस. अण्णा आतून आले. त्यांनी त्याला खडीबद्दल विचारलं, वाळूबद्दल विचारलं, पाण्याचं प्रमाण विचारलं, सळईचं अंतर विचारलं. तो बिचारा हात जोडून निघून गेला. अण्णा दुपारी जेवले नाहीत. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांसाठी पाणी तापवलं, गोळ्या दिल्या, स्वतः मात्र चहासुद्धा घेतला नाही.

अक्कांनी मला हाक मारली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पद्धतीनं होऊ दे. संक्रांत लांब आहे अजून."

मी वही काढली आणि कंत्राटदाराच्या नंबरावर रेघ मारली. काम झाल्यावर रेघ मारायची हा माझा नियम. ती एक रेघ मी काम न होता मारली. घरात शांतता राहावी हेही माझ्या यादीत कुठेतरी होतंच, न लिहिलेलं. त्या दिवशी मी ते काम केलं. अण्णा जेवायला बसले.

संक्रांत आली तेव्हा निम्मा ओटा उरला होता.

अक्कांनी आठवडाभर आधी खोबऱ्याचे आणि गुळाचे तुकडे कातरले होते, एकसारखे, उन्हात वाळवलेले. साखरेचा पाक स्वतः बसून केला आणि साच्यातून चित्रं काढली. पोपट, मासा, तुळशीवृंदावन. डबा भरला. बांबूपाशी बसून तो माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "तिच्या हातात दे," एवढंच म्हणाल्या.

तो बसनं होसकोट्याला जाऊन संध्याकाळी परत आला.

"ओळखलं का तिनं?" अक्कांनी विचारलं.

"हो. डाव्या हातात पोपट धरला. सोडेना."

"मग?"

त्याला खोटं बोलता येत नाही. "सारखी दाराकडे बघत होती," तो म्हणाला. "तू मागून येतेयस असं वाटलं असेल."

अण्णा तिथेच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. ते म्हणाले, "रविवारी दोन तास जास्त करू. राहुकाळ झाला की परत सुरू करू." त्यांच्या दृष्टीनं ही केवढी सवलत होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ते ऐकून मला जास्त राग आला.

अकरा दिवसांनी होसकोट्याच्या दुकानातून फोन आला. सकाळची वेळ, नवरा कारखान्यात, मुलगी शाळेत. फोन मी घेतला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात बसून भिजवलेल्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं काढत होत्या. एक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, पांढरा दाणा भांड्यात, साल ताटात. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. पुष्कळ दाणे होते, त्यांनी सगळे सोलले. मग भांडं माझ्याकडे सरकवलं.

"गाडी बोलावते," मी म्हटलं. "आज उचलूनच नेतो, अक्का. ऐका माझं."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आता घाई नाही."

त्यांच्या खुर्चीमागे अण्णा पाचच्या नाही, अकराच्या चहाचा कप घेऊन उभे होते. ते त्यांनी कधी केलं नव्हतं. अक्कांनी तो कप घेतला, आणि न पिता माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी कुणालाही न विचारता कंत्राटदाराला फोन केला. रेघ मारलेला नंबरही वाचता येतो. तीन माणसं पुढच्या सकाळी नऊला आली, दोन मोठे घण घेऊन. अण्णा वेताच्या खुर्चीत बांबूच्या आत बसले. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर आज मी जेवणार नाही." पहिला घाव पडला तेव्हा मी भिंतीकडे बघत होते, तडा जाईल म्हणून. तडा गेला नाही. दुसऱ्याला गेला नाही. चारच्या सुमारास भिंतीजवळचा शेवटचा तुकडा पहारीनं उचकटला आणि तो सबंध पाटासारखा सुटून आला. त्या तिघांतला वयस्क माणूस खाली बसला, बोटानं भिंतीवरची एक काळी रेघ दाखवून मला म्हणाला, "अम्मा, इदु बेरे, अदु बेरे." हे वेगळं, ते वेगळं. घर आणि ओटा यांच्या मधे बोटभर रुंद फट होती आणि तिच्यात डांबर भरलेलं होतं. वरच्या लाल थराखाली ती दिसत नव्हती, एवढंच. ओटा घराला कुठेही बांधलेला नव्हता. घण कधीही चालला असता.

ती फट कुणी आपोआप ठेवत नाही. ठरवून ठेवावी लागते, डांबर तापवून भरावं लागतं. आणि या माणसाला वीस वर्षांपूर्वीची खडी कुठल्या खाणीतून आली तेही पाठ होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "हे डांबर तुम्हीच भरलं होतं ना?"

ते उठून आले. वाकले. त्या सुटून आलेल्या तुकड्यावर त्यांनी पेरानं टकटक केलं, कान लावला.

"ऐक," ते म्हणाले. "एकसुद्धा पोकळ जागा नाही."

मी आत निघून गेले. तिथे थांबले असते तर काय बोलले असते सांगता येत नाही.

पुष्कळ वर्षं मी यावर विचार केलाय. ते खोटं बोलले का? मला वाटतं, त्यांना उतार करायचा होता आणि ओटा फोडायचा नव्हता, आणि या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत हे मान्य करायचं सोडून त्यांनी एक पद्धत काढली. आम्ही पाच मोठी माणसं ती पद्धत पाळत राहिलो. त्यांनी आयुष्यात तेवढं एकच बांधलं होतं, ते समजतं. पण समजलं म्हणजे माफ झालं, असं माझ्या हिशेबात होत नाही.

उतार त्याच माणसांनी बांधला, कंपाउंडच्या भिंतीलगत एक वळण घेऊन. बांधताना अण्णा एका शब्दानं मधे पडले नाहीत. झाल्यावर मात्र त्यांनी गोणपाट पसरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारू लागले. कुणालाही त्यावर पाऊल ठेवू दिलं नाही. किती दिवस, हे विचारायची गरज नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी गोणपाट काढलं. अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, उतारावर वरपासून खालपर्यंत टकटक करून आले आणि अक्कांच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"पास," ते म्हणाले. "चल."

अक्कांनी वर पाहिलं. "कुठं?"

ते गडबडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "फाटकापर्यंत तरी," ते म्हणाले.

अक्का म्हणाल्या, "अठ्ठावीस दिवस थांबा."

मला वाटलं हा टोमणा आहे, झाला, संपला. अण्णांनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पाचच्या चहाबरोबर येऊन विचारलं, "जायचं का खाली?" अक्का म्हणाल्या, "अठ्ठावीस दिवस थांबा." त्यांनी पुढची खूण केली. असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. भिंतीवर चार कॅलेंडरं बदलली. त्यांचा सगळा बाकीचा क्रम तसाच होता. गरम पाणी, गोळ्या, केसांची गाठ. रस्त्यावरून जाणारे आता मान वर न करताच नमस्कार करत, कारण अण्णा वर नव्हतेच, उताराच्या खालच्या टोकाला फाटकाशी खुर्ची टाकून बसत. एकटेच.

ते झोपेत गेले. चौघांनी त्यांना उतारावरून खाली नेलं. कुणाचा पाय कुठे अडखळला नाही. अक्का दारात खुर्चीवर बसून बघत होत्या.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी मी पाचचा चहा घेऊन गेले तर त्या कॅलेंडरसमोर होत्या. अण्णांनी केलेली शेवटची खूण त्या तारखेवर होती. माझ्या लक्षात आलं, आज कुणीतरी विचारायला हवं.

"अक्का," मी म्हटलं, "जायचं का खाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी गोष्ट पुष्कळ वर्षं नीट ठेवून मग बाहेर काढावी तसं.

"त्या कंत्राटदाराचा नंबर," त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधीपासून तुझ्या वहीत होता ना गं?"

"होता," मी म्हटलं.

"सरी. ठीक आहे," अक्का म्हणाल्या, आणि खुर्ची स्वतःच वळवून आत घेऊन गेल्या.